७० च्या पुढे मागून ‘घूंऽऽ’ असा आवाज, चेनसेट नवा टाकला तरी जात नाही

सिडको_ते_गोंदे

नमस्कार मंडळी. गाडी १५० सीसी, २०१९ ची, मीटरवर ४१ हजार. मी नाशिकच्या सिडकोत राहतो आणि गोंद्याला कंपनीत आहे. रोजचा रस्ता म्हणजे पाथर्डी फाट्यावरून हायवेला लागायचं आणि विल्होळी, वाडीवऱ्हे करत गोंदे. गावात गाडी मख्खन चालते. हायवेला लागल्यावरच त्रास आहे.

साठपर्यंत काही नाही. पासष्टला मागून कुठूनतरी ‘घूंऽऽ’ सुरू होतं, पंचाहत्तरला हेल्मेटमध्येही नीट ऐकू येतं आणि ऐंशीला डाव्या फुटरेस्टवर पायाला बारीक थरथर लागते. उजव्या पायाला नाही. गाडी ओढत नाही, ॲव्हरेज कमी झालेलं नाही, हँडलही हलत नाही. पावसाळा संपता संपता सुरू झालं, तेव्हा अगदी बारीक होतं. आता वाढलंय.

गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी चेन वाजतेय म्हणून पूर्ण चेनसेट (चेन आणि दोन्ही दातेरी चक्रं, म्हणजे स्प्रॉकेट) बदलला, मागचे ब्रेक शू साफ केले. आवाज होता तसाच, उलट मला तरी थोडा जास्तच वाटला. परत गेलो तर डबल स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवून दाखवलं, “बघा, बेअरिंग एकदम ओके.” आता म्हणतात क्रँकचं बेअरिंग वाजत असणार, इंजिन उघडावं लागेल, दहा-बारा हजार धरून चला. माझं कंपनीत पहिलंच वर्ष आहे, एवढे पैसे अंदाजावर घालायची हिंमत होत नाही. आणि इंजिन खरंच गेलं असेल तर असंच रोज चालवत राहणंही बरं नाही.

पुढच्या आठवड्यात आईला मागे बसवून मोहदरी घाटातून संगमनेरला मामाकडे जायचंय. त्याआधी हे काय आहे ते कळलं पाहिजे. कोणाला असा अनुभव आहे का? आवाज नेमका कुठून येतो ते चालत्या गाडीवर कसं ओळखायचं?

पंचवटी_रायडर

भाऊ, मागचं टायर किती जुनं आहे? माझ्या गाडीला असाच आवाज होता, टायर बदललं आणि गेला. नक्षीवरून हात फिरवून बघ. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं हाताला लागलं तर टायरच आहे. हवा पण बघ. ऑइल बदलायची वेळ झाली असेल तर तेही करून घे.

अंबड_मेंटेनन्स

इंजिन उघडू देऊ नकोस. निदान तू स्वतः खालच्या ट्रायल घेतल्याशिवाय तरी नाहीच.

मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मोटर, ब्लोअर, गिअरबॉक्स यांची बेअरिंगं ऐकण्यात आणि बदलण्यात हयात गेली. आमच्याकडे मशीन वाजायला लागलं की आम्ही आधी एकच विचारतो: हा आवाज कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर कमी होतो? ‘कुठून येतो’ हे नंतर. हायवेवर ऐंशीच्या वाऱ्यात, हेल्मेट घालून, आवाज कुठून येतो हे कान सांगू शकत नाही. फ्रेम लोखंडाची असते, मागचा आवाज टाकीतून येतोय असं वाटतं. पण तो कशाच्या मागे धावतो हे मात्र अगदी नक्की काढता येतं.

तुझ्या गाडीवर वेगाबरोबर बदलणाऱ्या गोष्टी तीनच. इंजिनाचे फेरे, चाकाचे फेरे आणि वारा. या तिघांना एकमेकांपासून सोडवायचं आहे.

पहिली ट्रायल गिअरची. सत्तरला पाचव्या गिअरमध्ये स्थिर चाल, कान दे. मग वेग तोच ठेवून चौथ्यात ये. इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण हजारभर वाढतील, चाकाचे मात्र तेवढेच राहतील. ‘घूं’ची पट्टी वर चढली तर आवाज इंजिनाच्या बाजूचा, म्हणजे क्रँक, टायमिंग चेन, सायलेन्सरचा सैल पत्रा वगैरे. पट्टी जिथल्या तिथे राहिली तर क्रँकचं नाव काढायचं कारणच नाही. तुझे दहा-बारा हजार या एका ट्रायलवर ठरतात, म्हणून ही नीट घे, दोन-तीनदा घे.

दुसरी क्लचची. पंचाहत्तरला थ्रॉटल सोड, क्लच दाब आणि गाडी तशीच वाहू दे. इंजिन आयडलला येईल, चाक आणि चेन फिरत राहतील. आवाज गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरत गेला तर चाकाकडचा. चावी बंद करायची नाही, किल स्विचही दाबायचा नाही. चालत्या गाडीत चावीशी खेळ नको.

तिसरी ओढीची, आणि मला वाटतं तुझ्या बाबतीत हीच सगळ्यात महत्त्वाची ठरेल. वेग साधारण तोच ठेवून थ्रॉटल थोडा उघड, मग बंद कर, मग क्लच दाब. ओढताना, मागे धरताना आणि मोकळी सोडल्यावर, अशा तिन्ही वेळी आवाज सारखाच असतो का? की ओढताना खरखरीत आणि मोकळी सोडल्यावर मऊ होतो? लक्षात ठेव आणि इथे लिही.

मग किरकोळ दोन. मागचा ब्रेक अगदी हलका लावून बघ, शू टेकले की आवाज बदलतो का. आणि टाकीवर वाकून डोकं खाली घे. तेवढ्याने आवाज बदलला तर तो वाऱ्याचा. डांबरावरून काँक्रीटच्या पट्ट्यावर गेलास की बदलला तर टायरचा, पंचवटी_रायडर म्हणतात तसा. बेअरिंगला रस्ता कशाचा आहे याने काही फरक पडत नाही.

आता थोडं गणित. आवाजाचा प्रकार यावरून फार लवकर कळतो, म्हणून सांगतो. १७ इंची मागच्या टायरचा घेर साधारण १.९ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला साडेअकराच्या आसपास फेरे मारतं. चाकाच्या एका फेऱ्याला एक ठोका पडत असेल, समजा टायरला फुगवटा आहे किंवा मडगार्ड एका जागी घासतंय, तर तो ‘घूं’ असा ऐकू येत नाही, ‘फडफडफड’ असा येतो. मागच्या स्प्रॉकेटला ४२ दात आणि चेनला १२० कड्या धरल्या तर चेनचा एक पूर्ण फेरा व्हायला चाकाचे जवळपास ३ फेरे लागतात. म्हणून एखादी कडी अडकली असेल तर गाडी हाताने ढकलताना चाकाच्या तीन फेऱ्यांत एकदा ‘कट’ होतं. चेन आणि दात यांचा जो सूर असतो तो ऐंशीला सेकंदाला ४८० च्या आसपास, म्हणजे चांगला उंच, शिटीकडे जाणारा. आणि बेअरिंगच्या रेसवर, म्हणजे छर्रे जिच्यावरून धावतात त्या कडीवर, डाग पडला असेल तर त्यावरून छर्रे जाताना चाकाच्या एका फेऱ्यात साधारण तीन ठोके बसतात. ऐंशीला सेकंदाला पस्तीसच्या आसपास. हे ठोके कानाला सुटे कळत नाहीत, सलग खर्जातला ‘घूं’ ऐकू येतो आणि जवळच्या लोखंडाला थरथर लागते. तू जे लिहिलंस ते वाचून मला हेच आठवलं.

राहिला चाक हाताने फिरवून ‘ओके’ म्हणण्याचा प्रश्न. डबल स्टँडवर मागच्या चाकावर ना गाडीचं वजन असतं ना चेनची ओढ. हाताने सेकंदाला एखादा फेरा. त्यात बेअरिंग अगदी मोडायला आलं असेल तरच सापडतं. अर्धं गेलेलं बेअरिंग त्या तपासणीत हमखास पास होतं.

ट्रायल रविवारी सकाळी लवकर घे, ट्रकची वर्दळ कमी असते. एका वेळी एकच गोष्ट बदल, मागे आरशात बघून. समृद्धीवर दुचाकीला मनाई आहे, रस्ता रिकामा दिसला तरी तिकडे जाऊ नकोस.

ओझरच्या_बाई

मी पंचवटीतून आडगावमार्गे रोज ओझरला शाळेत जाते, मोटरसायकलनेच. वाऱ्याबद्दल थोडं लिहिते, कारण वरच्या उत्तरात ते एका ओळीत आटपलं आहे आणि हायवेवरच्या निम्म्या आवाजांचं मूळ वाराच असतो असं माझं मत आहे.

माझ्या गाडीला सत्तरच्या पुढे बारीक, लांब शिटी यायची. समोरून वारा असला की पासष्टलाच, आणि पाठीमागून असला की ऐंशीलाही नाही. इथेच ओळखावं. इंजिन आणि चाक यांना वाऱ्याची दिशा कळत नाही. तुमच्या रस्त्याला तर पावसाळ्यात पश्चिमेचा वारा घोटीच्या दिशेने जाताना तोंडावर येतो आणि परतताना पाठीशी. जाताना आणि येताना आवाजात फरक आहे का ते बघा, त्यासाठी वेगळी ट्रायलसुद्धा लागत नाही.

शोधायला मी कागदी चिकटपट्टी वापरली, रंगारी लोक वापरतात ती. एका दिवशी हेल्मेटची हवेची भोकं बंद केली, दुसऱ्या दिवशी हेडलाइटच्या काचेभोवतीची फट, मग आरशाच्या दांड्याचा सांधा. एका वेळी एकच जागा. व्हायझरच्या कडेला काही लावू नका, तो पटकन उघडता आला पाहिजे. शेवटी नंबरप्लेटमागच्या फटीवर पट्टी लावली आणि शिटी थांबली. प्लेटमागे रबराचे वायसर घातले, विषय संपला.

तुमचा ‘घूं’ मात्र मला वाऱ्याचा वाटत नाही. वाऱ्याने पायाला थरथर लागत नाही, आणि एकाच पायाला तर नाहीच.

नाशिकरोड_४२२१०१

कार घेऊन वळणावर ऐकतात ना, डावीकडे वळवली की उजवं बेअरिंग ओरडतं? तेच कर. गाडी डावी-उजवी झुकव, ज्या बाजूला आवाज वाढेल ते बेअरिंग.

अंबड_मेंटेनन्स

@नाशिकरोड, कारला ही ट्रायल उत्तम आहे, मोटरसायकलला तिच्यावर विसंबू नये. कार वळताना सरळ उभी राहते, म्हणून चाकाला बाजूने दाब बसतो. मोटरसायकल झुकते, त्यामुळे जोर बराचसा चाकाच्या सरळ रेषेतच राहतो. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, बेअरिंगला आडवा दाब फारसा येत नाही. झुकवल्यावर बदलते ती टायरची टेकायची जागा. म्हणून झुकवल्यावर आवाज बदलला तर मी आधी टायरवर संशय घेईन. तेवढ्यासाठी ही ट्रायल घ्यायला हरकत नाही.

@ओझरच्या_बाई, जाता-येताचा फरक बघायचा हे फार चांगलं सांगितलंत. आणि डाव्या पायाचं तुम्ही बरोबर पकडलंत. चेन डाव्या बाजूला असते.

सिडको_ते_गोंदे

काका, आज सकाळी सहालाच निघालो आणि सगळं करून आलो. लिहितो.

गिअर: सत्तरला पाचव्यात आणि चौथ्यात आवाजाची पट्टी तीच. इंजिनाचा आवाज वर चढलेला स्पष्ट कळला, पण ‘घूं’ खाली आपला तसाच. वाडीवऱ्ह्याच्या पुढे परत परत करून बघितलं, काही फरक नाही.

क्लच: क्लच दाबल्यावर आवाज गेला नाही, थोडा मऊ झाला. वेग उतरला तसा तो पण उतरत गेला आणि पंचावन्नच्या खाली कळेनासा झाला.

ओढ: इथे मात्र फरक आहे. थ्रॉटल उघडला की ‘घूं’मध्ये खरखर मिसळते, ‘घर्रऽऽ’ असं होतं आणि फुटरेस्टची थरथर वाढते. थ्रॉटल पूर्ण सोडला की वेगळाच, पातळ आवाज. क्लच दाबून मोकळी सोडली की सगळ्यात कमी.

ब्रेक हलका लावून काही बदललं नाही. टाकीवर वाकून काही नाही. जाताना-येताना सारखंच. झुकवूनही तेच. टायरवर हात फिरवला, दोन्ही दिशांनी सारखं लागतं, आणि टायर तसं नवंच आहे.

परत आल्यावर एक गोष्ट सहज बघितली. चेन हाताने वर-खाली केली तर अगदी थोडी हलते. जुनी चेन बरीच लोंबायची, त्यामुळे नवी अशीच असते असं मी धरून चाललो होतो.

अंबड_मेंटेनन्स

शाब्बास. इतकं व्यवस्थित लिहून आणलंस की आता अंदाज करायला जागा फार थोडी उरली.

गिअर बदलून पट्टी बदलली नाही, म्हणजे क्रँक संशयातून सुटला. इंजिन उघडायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. वारा सुटला, टायर सुटलं, ब्रेक सुटला. आवाज चाकाच्या वेगाचा आहे, पण चेनच्या ओढीबरोबर बदलतो. मागच्या चाकात चेनची ओढ थेट ज्याच्यावर येते असं बेअरिंग एकच असतं आणि नेमकं तेच लोक विसरतात.

मागच्या चाकात तुझ्या गाडीसारख्या गाड्यांना बेअरिंगं तीन असतात. दोन हबमध्ये, डावं आणि उजवं. तिसरं स्प्रॉकेट ज्या ड्रमवर बसवलेलं असतं त्या ड्रममध्ये. ड्रम आणि हब यांच्यामध्ये कप्लिंग रबर असतात, झटका खाण्यासाठी. चेन ओढते ती ड्रमला. ड्रम रबरांतून चाकाला फिरवतो. तो सगळा पुढे ओढला जाणारा जोर हे तिसरं बेअरिंग झेलतं. चेन मोकळी सोडली की त्याच्यावरचा भार उतरतो आणि ते मऊ बोलतं. तुझ्या तिन्ही नोंदी याच्याशी जुळतात, डाव्या फुटरेस्टसकट.

आणि आता चेनचं. ती फार ताणलेली आहे असं मला वाटतं. दुखऱ्या बेअरिंगवर ताणलेली चेन आली, म्हणून चेनसेट बदलल्यावर आवाज वाढला. चेनकव्हरवर किंवा स्विंग आर्मवर स्टिकर असतो, झोल, म्हणजे चेनचा सैलपणा, किती ठेवायचा ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. रोजच्या वापराच्या बहुतेक मोटरसायकलींना २५-३० मिमीच्या आसपास. खालच्या चेनच्या मधोमध मोजायचा, आणि चाक थोडं थोडं फिरवून जिथे चेन सगळ्यात ताठ लागते तिथे मोजायचा. शॉकअप दबले की मागचा एक्सल पुढच्या स्प्रॉकेटपासून थोडा लांब जातो आणि चेन आणखी ताणते, म्हणून रिकाम्या गाडीवर ‘मस्त टाइट’ दिसणारी चेन माणूस बसल्यावर तारेसारखी होते. चेन अशीच राहिली तर नवं बेअरिंगही जाईल आणि गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंगही. तो खर्च खरोखरच इंजिन उघडायचा आहे.

खात्री कशी करायची: चाक उतरवून घे. ड्रम हबमधून बाहेर ओढला की निघतो. ड्रममधल्या बेअरिंगच्या आतल्या रेसमध्ये बोट घाल आणि सावकाश फिरव. चांगलं बेअरिंग बोटाला जड पण गुळगुळीत लागतं. खराब असेल तर बारीक वाळू असल्यासारखं लागेल किंवा एखाद्या जागी अडून पुढे जाईल. हबमधली दोन्ही तशीच बघ. तिसरं बोटाला चांगलं लागलं तर मी चुकीचा, मग पुढच्या स्प्रॉकेटचा शाफ्ट हलतो का ते बघू.

चेन चालू इंजिनवर, गाडी गिअरमध्ये टाकून, स्क्रूड्रायव्हर लावून ऐकायचं असं कोणी सांगेल. करू नकोस. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट गेलं की बोट राहत नाही. मी कारखान्यात हे पाहिलं आहे.

आई मागे बसणार असतील तर हे झाल्याशिवाय घाटात गाडी घालू नकोस. चाकाला हाताने आडवा हाल लागला तर गोंद्यालाही नेऊ नकोस, बसने जा.

पिंपळगाव_गॅरेज

राम राम. पिंपळगाव बसवंतला माझं दुचाकीचं गॅरेज आहे. अंबडकर साहेबांचं निदान मला पटलं. बसवण्याबद्दल लिहितो, कारण बेअरिंग बरोबर ओळखूनही बसवताना नवंच खराब करतात आणि मग गिऱ्हाईक म्हणतं की आवाज गेला नाही.

नवं बेअरिंग ठोकताना जोर बाहेरच्या रेसवर आला पाहिजे. आतल्या रेसवर हातोडी बसली तर छर्रे रेसवर आदळून खड्डे पाडतात आणि गाडी गॅरेजबाहेर पडतानाच वाजते. जुनं बेअरिंग वर ठेवून किंवा बाहेरच्या रेसच्या मापाचं सॉकेट ठेवून सरळ बसवायचं, वाकडं जाऊ द्यायचं नाही. हबमध्ये दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते, स्पेसर. ती विसरली किंवा एका बाजूचं बेअरिंग जास्त आत गेलं की एक्सल आवळल्यावर बेअरिंग आडवं दाबलं जातं. एक बाजू पूर्ण बसवायची, नळी टाकायची, दुसरी बाजू नळीला टेकेपर्यंतच.

नंबर जुन्या बेअरिंगवर कोरलेला असतो, तो बघूनच घ्या, तोंडी सांगून नको. ६२०२ ला आतलं भोक १५ मिमी, ६२०३ ला १७, ६२०४ ला २०. ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील. मागच्या चाकाला तेच बरं. ड्रमच्या तोंडाशी वेगळं ऑइल सील असतं, तेही नवं टाका, किंमत अगदी किरकोळ आहे.

आता हे बेअरिंग का जातं, ते आमच्या भागात मला रोज दिसतं. द्राक्षबागेतला फवारणीचा एचटीपी पंप काढायचा आणि त्याच्या गनने गाडी धुवायची. चिखल क्षणात निघतो, पण ती धार हबच्या मध्यावर धरली की सीलच्या ओठातून पाणी आत जातं. वरून दिसत काही नाही. आत ग्रीसचं पाणी होतं, मग गंज. वॉशिंग सेंटरच्या गनचंही तेच. पावसाळ्यानंतर हबच्या आवाजाच्या गाड्या माझ्याकडे वाढतात. धार हब, चेन आणि स्टिअरिंगच्या कोनसेटपासून लांब ठेवा. तिथे बादली आणि फडकं.

माझं मत, तिन्ही बेअरिंगं एकदम बदला. चाक एकदा उतरलंच आहे, मजुरी तीच.

अंबड_मेंटेनन्स

पिंपळगावकर, बसवण्याचं सगळं मान्य, मी पुढे काही जोडणार नाही. तिन्ही एकदम बदलण्याबद्दल मात्र माझी सवय वेगळी आहे. हबची दोन बोटाला गुळगुळीत लागली आणि सील शाबूत असेल तर मी ठेवतो. चांगलं बसलेलं बेअरिंग उगाच ठोकून काढायचं आणि घर सैल करायचं मला पटत नाही. पण ४१ हजार किलोमीटर आणि पावसाळ्याचं पाणी धरलं तर या गाडीवर तुमचंही चूक नाही. हातात घेऊन बघणारा ठरवेल.

सिडको_ते_गोंदे

काम झालं. आधीच्या गॅरेजला न जाता घराजवळच्या एका मिस्तरींकडे गेलो आणि आधीच सांगितलं की मला चाक उतरवताना बघायचंय. ते हो म्हणाले.

ड्रम बाहेर निघाला तेव्हाच सीलच्या कडेला तपकिरी ओघळ दिसला. मिस्तरींनी माझंच बोट धरून बेअरिंगमध्ये घातलं. फिरवलं तर पाव फेऱ्यानंतर अडलं, थोडा जोर लावला तर ‘कर्’ करून सुटलं, पुढे परत अडलं. काढून सील उचकटलं तर आत ग्रीस नव्हतंच, चिखलासारखी गंजाची लेई होती आणि छर्ऱ्यांवर काळे ठिपके. ६२०४ निघालं. हबमधलं डावं पण बोटाला किंचित खरखरीत लागलं, म्हणून पिंपळगावकरांचं ऐकून तिन्ही बदलली. कप्लिंग रबर चपटे झालेले होते, तेही टाकले. सील नवं. सगळं मिळून मजुरीसकट हजाराच्या आत बसलं.

चेन खरंच ताणलेली होती. स्टिकरवर २५ ते ३० लिहिलंय, मोजला तर दहा-बारा मिमीसुद्धा नव्हता. मिस्तरींनी सैल करून दिली, दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आणून.

संध्याकाळी विल्होळीच्या पुढे जाऊन आलो. ऐंशीला ‘घूं’ नाही. पायाला थरथर नाही. आता इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज वेगवेगळा ऐकू येतो, आधी सगळं त्या एकाच आवाजाखाली दबलेलं होतं. काका, पिंपळगावकर, बाई, सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पण सांगितलं की अंबडच्या एका काकांनी इंजिन वाचवलं.

एक बारीक गोष्ट राहिली. पंचाहत्तरच्या पुढे थ्रॉटल उघडला की अगदी उंच, पातळ सूर येतो. त्रास नाही, पण आता कान तिकडे जातो. काळजी करू का?

अंबड_मेंटेनन्स

फार बरं वाटलं वाचून. मिस्तरींनी तुझं बोट धरून दाखवलं, त्यांना सोडू नकोस, असा माणूस मिळत नाही.

उंच सूर चेनचा आहे. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट नवी आहेत, दात अजून बसायचेत. काळजी नको. चेनला ल्युब लाव, आतल्या बाजूने, चेन गरम असताना, आणि रात्रभर तशीच राहू दे. ५०० किलोमीटर झाले की झोल परत मोज, नवी चेन सुरुवातीला थोडी सैल पडते. सूर कमी न होता वाढत गेला तर दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का ते बघायला सांग.

संगमनेरला निघण्याआधी दोन गोष्टी कर. मागच्या टायरची हवा स्टिकरवर दोघांसाठी जो आकडा दिलाय त्याप्रमाणे, टायर थंड असताना भर. आणि आईला मागे बसवून, तू पुढे बसून, तिसऱ्या माणसाला चेन हाताने वर-खाली करून बघायला सांग. दोघं बसल्यावरही थोडा झोल उरला पाहिजे. उरला तर बिनधास्त जा.